अध्यक्षसाहेबांच्या सात ट्रंका

आमच्या संस्थेच्या दिवंगत अध्यक्षांबद्दल मला काही चांगलं लिहायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना चांगलं वाचायचं असेल त्यांनी आमच्या जुन्या शाळेत जावं. तिथे त्यांच्या कागदपत्रांचं दालन आहे. भिंतभर फोटो, काचेच्या कपाटांत मानपत्रं, मंत्र्यासंत्र्यांची पत्रं, कोनशिलांच्या कार्यक्रमांच्या पत्रिका. मधल्या कपाटात मात्र दोन साधे कागद आहेत, एक पिवळा पडलेला आणि एक नवा. लोक मानपत्रांवरून नुसती नजर फिरवतात आणि त्या दोन कागदांपाशी येऊन थांबतात. ते तिथे कसे आले त्याची ही हकिगत आहे, आणि तिच्यात मी काही शोभून दिसत नाही.

मी त्या शिक्षणसंस्थेच्या कचेरीत सगळी नोकरी काढली, शेवटची वर्षं हेडक्लार्क म्हणून. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. अध्यक्ष वारले त्याला दोन. मी अंत्ययात्रेला गेलो नव्हतो. गुडघे धरलेत असा निरोप पाठवला आणि त्याच संध्याकाळी मांडवीच्या जेटीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आलो.

अध्यक्षपद आमच्याकडे सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखं बापाकडून मुलाकडे येतं. तर हा मुलगा, म्हणजे आताचे अध्यक्ष, गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेला जाऊन आला आणि येताना एक खूळ घेऊन आला. तिकडे म्हणे राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द संपली की त्याच्या कचेरीतले झाडून सगळे कागद जपून ठेवतात. पत्रं, टिपणं, कोण कधी भेटायला आलं त्याच्या नोंदी, रद्द केलेले मसुदेसुद्धा. त्यासाठी वेगळ्या इमारती बांधतात. कोणीही जावं, अर्ज करावा, बसून वाचावं.

"काका, आपल्या अप्पांचं अगदी तसंच करायचं," तो फोनवर म्हणाला. "कागद घरी सात ट्रंका भरून आहेत. तुमच्याशिवाय कोणाला त्यातलं काही कळणार नाही."

कुठे राष्ट्राध्यक्ष आणि कुठे तीन शाळा नि एका वसतिगृहाचा अध्यक्ष! पण बापालाही ती हौस होतीच. आपल्या कारभाराला तो सभेत 'माझं प्रशासन' म्हणायचा. शिपायाने चहा उशिरा आणला तरी प्रशासनात ढिलाई आली म्हणून परिपत्रक काढायचा, आणि ते परिपत्रक मी टाइप करायचो.

मी हो म्हटलं तेव्हा आमची ही भडकली. "आयुष्यभर त्यांचे कागद सांभाळलात, आता मेल्यावर पण तुमीच काय? नाय म्हणून सांगायला तोंड नाय तुमाला?" तिला वाटलं मी मिंधेपणाने निघालोय. मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला. खरं कारण असं, की त्या ट्रंकांत माझ्या हातची तारीख असलेला एक कागद होता आणि तो मला जाळायचा होता.

ट्रंका शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत आणून ठेवल्या होत्या. आमच्या हवेत कागद टिकणं कठीण. अर्ध्या फायली एकमेकींना चिकटलेल्या, उरलेल्यांना कसर लागलेली. पहिल्याच दिवशी मुलाने धोरण सांगितलं. "चांगलं चांगलं तेवढं ठेवा काका. बाकीचं पोत्यात भरा. घरी बंब आहे, पाणी तापवायला होईल." तिकडच्या इमारतीत रद्द मसुदेसुद्धा ठेवतात हे त्यानेच मला सांगितलं होतं. ते तो बहुतेक विमानातच विसरून आला असावा.

मी माझ्या जुन्या सवयीने वर्ग पाडले. आमच्या कचेरीत कागदाचे चार वर्ग असत. अ म्हणजे कायम ठेवायचा, ब आणि क ठरावीक वर्षं, आणि ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचा. अध्यक्षांच्या कारकिर्दीतला बहुतेक कागद ड वर्गातला होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या शुभेच्छांना उत्तरं. उत्तरांच्या प्रती. तिसऱ्या ट्रंकेत नुसते सत्काराचे हार घातलेले फोटो, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला फाइल छातीशी धरून मी उभा. त्या माणसाची, म्हणजे माझी, मला चीड आली.

चौथी ट्रंक उघडली त्याच दिवशी दुपारी बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

या बाई आमच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. तीस वर्षांमागे त्यांची नोकरी गेली. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. रस्त्यात समोर आलो तर पलीकडच्या बाजूला जात. संक्रांतीला माझ्या बायकोच्या हातावर तिळगूळ ठेवत, माझ्या नाही. त्या दिवशीसुद्धा त्या पायरी चढल्या नाहीत.

"बाई, आत या ना."

"नको. इथूनच बोलते. त्या दालनात म्हणे शिक्षकांचा फलक लागतोय. नाव, विषय, किती वर्षं, आणि सोडण्याचं कारण."

"हो, असं काहीतरी आहे."

"माझ्यापुढे 'स्वेच्छेने राजीनामा, वर्षाच्या मध्यात' असं लिहिलंय. फलक रंगवणारा माझाच विद्यार्थी आहे, त्यानेच येऊन सांगितलं. एक तर माझं नाव काढा, नाही तर खरं लिहा. दोन्हींतलं काहीही चालेल."

"मी आता निवृत्त माणूस. मला कोण विचारतो?"

"विचारतात म्हणूनच ट्रंका उघडून बसलायत ना?"

"बघतो," मी म्हणालो.

"तेव्हाही तुम्ही बघतोच म्हणाला होतात," असं म्हणून त्या फाटक लावून निघून गेल्या. ही आतून तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत त्या वळणावर पोचल्या होत्या. "पाणी पण नाय घेतलान," ही म्हणाली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू तांब्यात मीच काही कालवलं होतं.

आता तो 'तेव्हा' सांगायला हवा.

आमच्या संस्थेत नेमणुकीच्या दिवशी एक रीत होती. नवा माणूस आला की त्याला नेमणुकीचा आदेश देण्याआधी मी एक कोरा कागद पुढे सरकवायचो आणि मजकूर सांगायचो. तो त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून घ्यायचा. 'माननीय अध्यक्ष यांस, कौटुंबिक अडचणीमुळे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तरी तो स्वीकारावा ही विनंती.' खाली सही. तारखेची जागा रिकामी सोडायची. म्हणजे नोकरी सुरू व्हायच्या आधीच राजीनामा लिहून तयार. नवा माणूस एकदा माझ्याकडे बघायचा, मग आदेशाच्या लिफाफ्याकडे बघायचा आणि निमूटपणे लिहायचा. हे सगळे राजीनामे अध्यक्षांच्या घरी कपाटात असत. कचेरीच्या दप्तरात त्यांचा मागमूस नसे. माझाही त्यांतच होता.

बाईंनी लिहिला तेव्हा त्या नुकत्या शिकून आलेल्या, बिनलग्नाच्या. लिहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "हे कशासाठी?" मी म्हणालो होतो, "नुसती पद्धत आहे."

सहाएक वर्षांनी ती पद्धत त्यांच्यावर चालवली गेली. अध्यक्षांच्या वाढदिवसाला पोरांना मैदानात उन्हात रांगेत उभं करायचं होतं. बाईंच्या दहावीच्या वर्गाची त्या दिवशी पूर्वपरीक्षा होती आणि विषय नेमका गणित. बाईंनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि पेपर वाटले. बाकी सगळी शाळा मैदानात टाळ्या वाजवत होती आणि एक वर्ग आत गणितं सोडवत होता. एवढाच त्यांचा गुन्हा.

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावलं. कपाटातून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाईंनी राजीनामा दिलाय. तारीख टाकायची विसरल्यात. टाका." ते दुसऱ्या खोलीत फोन घ्यायला गेले. मी खिशातलं काळं पेन काढलं आणि बाईंच्या निळ्या शाईच्या मजकुरावर तारीख टाकली.

आणि टाकताना मला दिसलं. सही माहेरच्या नावाची होती. बाईंचं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांचा हजेरीचा मस्टर माझ्याच ताब्यात असायचा. त्यावर चार वर्षं रोज सासरच्या नावाची सही. म्हणजे तो राजीनामा त्या तारखेला लिहिलेला नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. अध्यक्ष परत आले, त्यांनी सही न बघता कागद घडी करून खिशात घातला. मूळ कागद माझ्याकडेच राहील म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.

बाईंच्या हातात पडलं ते नुसतं स्वीकृतीचं पत्र. त्या कचेरीत येऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "मी राजीनामा दिलेला नाही. तो कधीचा कागद आहे ते तुम्हाला माहीत आहे. साहेबांना सांगा, नाही तर मला लिहून द्या." मी फायलीत तोंड खुपसून बघतो म्हणालो. दोन दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा मला आठवत नाही म्हणालो. बाईंचा वकील म्हणाला, सही तुमचीच आहे म्हणता, मग भांडायचं कशावर? नवरा तेव्हा बोटीवर, कुठल्या तरी समुद्रात. सासऱ्यांनी कोर्टाची पायरी चढायची नाही म्हणून बजावलं. तिथेच सगळं मिटलं, म्हणजे आमच्यापुरतं मिटलं.

बाईंपुरतं नाही मिटलं. दहावीच्या परीक्षेला महिना राहिला असताना बाई पोरांना सोडून गेल्या, ही बातमी अध्यक्षांनी पालकसभेत स्वतःच्या तोंडाने दिली, तीही उसासा टाकून. मासळीबाजारात एका पोराच्या आईने बाईंना बांगडे द्यायचे नाकारले. "आमच्या पोरांना मधीच टाकून गेलात न तुमी? जावा, दुसरीकडं घ्या." मी तिथेच पलीकडच्या टोपलीपाशी उभा होतो. माझे बांगडे तिने निवडून दिले.

पुढे माहितीचा अधिकार आला तेव्हा बाईंनी अर्ज केला, राजीनाम्याची प्रत मिळावी म्हणून. उत्तर मीच लिहिलं. 'सदर कागदपत्र कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. कागद कार्यालयात नव्हताच. ते उत्तर लिहून मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं, हे आता सांगताना लाज वाटते.

पाचव्या ट्रंकेत तळाशी, पंच्यात गुंडाळलेला तो गठ्ठा मिळाला. वर 'गोपनीय' असं लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. नाडी सोडली. एकामागून एक राजीनामे. त्यांतली कित्येक माणसं सुखाने निवृत्त झाली, काही वारली, पण राजीनामे तारखेची वाट बघत तिथेच पडून होते. मधेच माझा सापडला. किती गोल, आज्ञाधारक अक्षर! हा कागद कपाटात आहे या भीतीने मी त्या माणसापुढे सगळी नोकरी मान खाली घालून काढली, आणि त्याने तो एकदाही बाहेर काढला नव्हता. काढायची गरजच पडली नाही त्याला.

बाईंचा सगळ्यात शेवटी होता. निळी शाई फिकी झालेली, माझी काळी तारीख मात्र तशीच ठसठशीत.

मी तो बंबाच्या पोत्यात टाकला. खोटं कशाला बोलू? वरून शुभेच्छापत्रांचा ढीग टाकला, पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि खुर्चीवर बसून घाम पुसला.

तेवढ्यात मुलगा आला. हातात फलकाचा नमुना. "काका, या बाईंचं 'वर्षाच्या मध्यात' एवढं जरा ठळक करायला सांगितलंय. म्हणजे अशा प्रसंगात अप्पांनी शाळा कशी सावरली ते उठून दिसेल. तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी त्यावर चार शब्द बोला. तुम्ही साक्षीदार आहात ना."

साक्षीदार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांपूर्वी बाईंनी मला तेच व्हायला सांगितलं होतं तेव्हा मी फायलीत तोंड लपवलं, आणि आता हा मला त्याच्या बापाच्या बाजूने उभा करत होता. बरं, त्याला माहीतही नव्हतं. तो सहज बोलून गेला आणि चहा सांगायला बाहेर पडला. मी सुतळी तोडली, हात घालून कागद काढला, पेपरच्या घडीत सरकवला आणि चहाला न थांबता निघालो. मी काही एकदम सज्जन झालो नव्हतो. मला फक्त संताप आला होता, आणि त्या संतापात भीती वाटायची राहून गेली.

रिक्षा भाट्याच्या पुलावरून गेली तेव्हा मात्र ती भीती परत आली. दोनदा मनात आलं, की कागद खाडीत सोडून द्यावा. रिक्षावाल्याशी उगाचच हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

बाईंचं घर किनाऱ्याच्या अलीकडे, सुरूच्या बनाला लागून. नवरा बोटीवरून निवृत्त होऊन आता अंगणात नारळ सोलत बसला होता. त्याने मला बघितलं, पण सोलायचं थांबवलं नाही. बाई पडवीत आल्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिल्या. मजकूर दोन ओळींचा होता.

"माहेरचं नाव," त्या म्हणाल्या.

"हो."

"तीस वर्षं मला वाटत होतं, की माझ्याकडे काहीच नाही. आणि हे असं उघड्यावर लिहिलेलं होतं." मग त्यांनी बोट खाली नेलं. "ही तारीख तुमच्या हातची. तुमचा दोन असाच शेपटीवाला असतो. मस्टरवर रोज बघायचे मी."

"माझीच आहे."

"ही टाकताना तुम्हाला सही दिसली होती का?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. म्हातारा झालोय, आठवत नाही, हेही चाललं असतं. तो तर माझा पाठ केलेला धडा होता. मी रिक्षातून हेच ठरवून आलो होतो. नारळ सोलायचा आवाज मात्र थांबला होता.

"दिसली होती," मी म्हणालो.

बाई रडतील असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं. त्या आत गेल्या आणि एक कोरा कागद नि पेन घेऊन आल्या. पडवीतलं स्टूल माझ्यापुढे सरकवलं.

"लिहा. तुमच्या अक्षरात. तुम्ही सांगायचात आणि आम्ही लिहायचो ना, तसं. फक्त मजकूर मी सांगणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे काय लिहायचं ते."

"हे घेऊन तुम्ही काय करणार?"

"त्या पूर्वपरीक्षेच्या वर्गातले दोघे आज तुमच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांना दाखवणार. अध्यक्षांचे सगळे कागद लावायचेत ना दालनात? मग हे दोनही त्यांच्याच कारकिर्दीतले आहेत. लागले की बघू कोण काढतो ते. आणि मासळीबाजारातल्या त्या बाईला एक प्रत देणार. ती अजून बसते तिथे."

मी जमिनीवर बसून स्टुलावर कागद ठेवला आणि लिहिलं. राजीनामे कसे घेतले जात, कोण मजकूर सांगे, कागद कुठे ठेवत. वाढदिवसाचा दिवस. काळं पेन. सही दिसली ते आणि गप्प बसलो ते. माहितीच्या अर्जाला दिलेलं उत्तर. अक्षर वाचता येण्यासारखं आलं. खाली पूर्ण नावाने सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, पेपर तपासल्यासारखा. मग परत माझ्यापुढे स्टुलावर ठेवला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. मजकूर होता, सही होती. तारखेची जागा मी सवयीने कोरी सोडली होती.

"आजची टाकू?" माझ्या तोंडून गेलं.

"दुसरी कुठली टाकणार आहात?" बाई म्हणाल्या, आणि मी ती लिहून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.